पितृपक्षातलं स्वस्त तिकीट

आमच्या घरातून परदेशी जायला सगळ्यांत आधी पिशवी निघाली. आम्ही नवराबायको तिच्यामागून, बऱ्याच दिवसांनी.

ही पिशवी म्हणजे भाजीची नव्हे. पाठीवर अडकवायची, पट्ट्यापट्ट्यांची, माणूस दुमडून बसवला तर आत मावेल एवढी! ती आमच्याकडे आली योहानमुळे. आमचे हे सिल्वासाच्या एका सुताच्या कारखान्यात फोरमन होते. कारखान्यात परदेशातून नवं मशीन आलं आणि ते बसवायला मशीनबरोबर योहान नावाचा गोरा फिटरही आला. हे त्याला एकदा घरी जेवायला घेऊन आले. मी आमच्या खानदेशी पद्धतीची शेवभाजी केली होती. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. यांना वाटलं, त्याला घरची आठवण आली. हे त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मला म्हणाले, "अगं, वाढ अजून!"

मी वाढली.

तरीही तो माणूस परत परत जेवायला आला. काम संपल्यावर म्हणे तो पाठीवर पिशवी टाकून देशोदेशी भटकायचा. स्वस्तातलं विमान, स्वस्तातली खोली, रस्त्यावरचं जेवण. जाताना त्याने मुंबईहून नवी पिशवी घेतली आणि जुनी यांना भेट दिली. यांनी ती बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगली आणि रोज कामावरून आले की चहा पीत पीत तिच्याकडे बघायला लागले.

एका संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आपणही जायचं."

"कुठं?" सासूबाईंनी विचारलं.

"बँकॉकला. पाठीवर पिशवी टाकून."

"का? तिथं हमाल भेटत नाहीत का?"

पण हे ऐकणाऱ्यातले नव्हते. आमच्या दोन्ही मुलींची लग्नं झाली होती, त्या आपापल्या घरी सुखात होत्या. यांचं म्हणणं, आता नाही तर कधी? कारखान्यातले लोक बँकॉकचं नाव ऐकलं की एकमेकांना डोळे मारायचे. ते का मारतात हे मला बरेच दिवस कळलं नाही. ज्या दिवशी शेजारच्या हंसाबेनने समजावून सांगितलं, त्या दिवशी यांच्या डब्यात नुसती कारल्याची भाजी गेली.

या सगळ्यात "आपण" म्हणजे कोण, हे यांनी सांगितलं नव्हतं. पासपोर्ट मात्र दोघांचे काढले, कारण फोटोवाल्याने एका चकरेत दोन माणसं आणली तर सवलत देतो म्हणून सांगितलं होतं. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी विमानात बसून यायची. पण मी पडले लाजरी. बाजारात दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तरी "अहो, कमी आहेत" म्हणायला मला जमत नाही. तिथे नवऱ्याला "मलाही न्या" कसं म्हणणार! मी फक्त चहात साखर जरा जास्त घालायला लागले.

मग सुरू झाली स्वस्त तिकिटाची शोधाशोध. हे रोज संध्याकाळी किलवणी नाक्याच्या एसटीडी बूथमध्ये जाऊन उभे राहायचे आणि मुंबईच्या एजंटांना फोन लावायचे. बूथमधल्या मीटरवर लाल आकडे पळायला लागले की यांची जीभही पळायला लागायची. "हॅलो-बँकॉक-एक-जण-सर्वात-स्वस्त-किती?" हे सगळं एका श्वासात! पलीकडच्या माणसाला काही कळायचं नाही, तो "काय म्हणालात?" विचारायचा, की हे पुन्हा पहिल्यापासून. स्वस्त तिकीट शोधण्यापायी अर्ध्या तिकिटाचे पैसे फोनवरच गेले असतील.

एक एजंट म्हणाला, कोलंबोवरून जा. म्हणजे पूर्वेला जायचं तर आधी दक्षिणेला जायचं आणि तिथे विमानतळावर एक रात्र काढायची. दुसरा म्हणाला, रेल्वेने कलकत्त्याला जा, तिथून ढाक्याला, ढाक्याहून बँकॉकला. सासूबाई म्हणाल्या, "तेवढ्यात चालत पोचशील." तिसऱ्याकडे तर फारच स्वस्त तिकीट होतं. अट एकच. आपल्या सामानाच्या वजनात कंपनीची पार्सलं न्यायची, स्वतःचं सामान काही न्यायचं नाही.

"म्हणजे लोकांच्या पिशव्या घेऊन जायच्या आणि आपण उघडं फिरायचं?" सासूबाई म्हणाल्या. "भास्कर, हे असलं तिकीट तुझ्या बापाने घेतलं असतं तर मी माहेरी गेली असती."

शेवटी तिकीट सापडलं ते वापीला. तिथे नवीनभाई म्हणून एक ट्रॅव्हल्सवाले होते. एका रविवारी हे त्यांच्याकडून आले ते स्कूटर स्टँडला लावायचंही विसरून आत आले. (स्कूटर पडली. आवाज आला. हे वळलेसुद्धा नाहीत.)

"निम्म्या भावात! आणि वर दुसरं तिकीट त्याच्याही निम्म्या भावात! नवीनभाईंनी शोधून काढलं!"

"एवढं स्वस्त कसं?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे बुवा. त्या दिवसांत गर्दी नसते."

"कुठल्या दिवसांत?"

हे जरा घुटमळले. मग म्हणाले, "नवीनभाई म्हणाले, श्राद्धमां कोई टिकिट नथी लेतुं, साहेब!"

सासूबाईंच्या हातातलं सूप तिथेच थांबलं. "पितृपक्षात! बाजूच्या गावाला जात नाही कुणी पितृपक्षात आणि तू समुद्र ओलांडून राहिला?"

"आई, अण्णांची तिथी सुरुवातीलाच आहे. ती करूनच निघायचं. मागचे दिवस मोकळेच आहेत."

"स्वस्त आहे ते समजलं मला. का स्वस्त आहे ते तुला समजलं का?"

तिकडे हे दुसऱ्या, त्याच्याही निम्म्या भावातल्या तिकिटासाठी माणूस शोधायला लागले. कारखान्यातल्या तिघांना विचारलं. तिघेही एका पायावर तयार! दुसऱ्या दिवशी तिघेही नाही म्हणाले. तिघांच्याही बायकांना हंसाबेन भेटली होती. मग एका संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, उगाच कडीशी खेळत म्हणाले, "तू येतेस का?"

मी वरण ढवळत होते. म्हटलं, "बघू."

(आणि मनात दोन साड्या काढून ठेवल्यासुद्धा.)

एकदा सूनही जाणार म्हटल्यावर सासूबाई नरमल्या. दोन दिवसांनी त्यांनीच तोड काढली. प्रस्थान ठेवायचं! आता नव्या मुलींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. जायच्या दिवशी मुहूर्त नसला, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू घराबाहेर, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण त्या दिवशीच निघालो असं होतं. मग खरोखर निघताना ती तिथून उचलायची आणि चालू लागायचं. मात्र ती वस्तू परत आपल्या घरात आणायची नाही. आणली की प्रवास मोडला.

"गणपती बसलेत, चांगले दिवस आहेत. आत्ताच ठेवून द्या," सासूबाई म्हणाल्या. "बँकॉक कुठल्या दिशेला आलं?"

"पूर्वेला."

"मग पूर्वेकडच्या घरी ठेवा."

पूर्वेकडे म्हणजे बरोबर हंसाबेनचं घर. ती तर खूशच झाली. "भाभी, तुमची बॅग म्हणजे माझी बॅग! हिला मी देवघरापाशीच ठेवीन!"

पिशवी भरायचं काम माझ्याकडे आलं. मी सासूबाईंना विचारलं, "आत काय काय घालू?"

"नारळ, सुपारी, मूठभर तांदूळ. आणि ज्याच्यावाचून पाऊल उचलता येणार नाही अशी एक वस्तू. पूर्वी लोक जोडे ठेवायचे, काठी ठेवायचे."

मी पिशवीसमोर बसून नीट विचार केला. जोड्यांवाचून आमचं अडणार नव्हतं. काठीवाचूनही नाही. मग कशावाचून पाऊल उचलता येणार नाही? महिनाभर हे उठता बसता एकच सांगत होते, "बाकी काहीही विसरलं तरी चालेल, पासपोर्ट आणि तिकिटं नसतील तर विमानाच्या दारातसुद्धा उभं करत नाहीत." झालं! मी लोखंडी कपाटातून दोघांचे पासपोर्ट आणि तिकिटं काढली, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवल्या होत्या त्यांत गुंडाळली आणि योहानच्या पिशवीच्या पार तळाशी ठेवली. वर साड्या, यांचे शर्ट, सगळ्यांत वर नारळ. चौथी शिकलेल्या बाईने एवढा शास्त्रशुद्ध विचार केला याचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नाही. कुणी विचारलंच नाही!

गणपती गेले, पितृपक्ष लागला, मामंजींची तिथी झाली. मधल्या काळात हंसाबेनने मला नव्या धाटणीचा पंजाबी ड्रेस शिवून दिला. साडी नेसून पाठीवर पिशवी कशी घ्यायची, हा तिचा प्रश्न बरोबरच होता. जन्मात पहिल्यांदा मी पंजाबी ड्रेस घालणार होते. घालून बघायची लाज वाटत होती म्हणून थेट निघायच्या दिवशी सकाळीच घातला आणि ओढणी तीनदा पायात अडकली.

विमान मध्यरात्रीनंतरचं. दुपारी वापीहून गाडी पकडायची. हे आंघोळ करून, नवे कापडी बूट घालून, अगदी योहानसारखे तयार झाले आणि कपाट उघडलं.

"पासपोर्ट कुठंयत?"

"आहेत ना."

"कुठं आहेत?"

"प्रस्थानात."

हे मटकन बुटांसकट पलंगावर बसले. मग हळूच म्हणाले, "तिकिटं?"

"ती पण. त्यांच्यावाचून पाऊल उचलता येत नाही म्हणून..."

"बरोबर आहे हिचं," आतून सासूबाई म्हणाल्या.

"अहो, हंसाबेनकडे तर आहे पिशवी! चार पावलांवर! आणते ना," मी म्हटलं.

आता बाहेर उन्हात वाळवण बघत असलेल्या हंसाबेनने आमचं बोलणं ऐकलं होतं. ती दारात आली. 

"भाभी, बॅग माझ्याकडे क्यां छे! ती तर जमनी घेऊन गेली. बाने सांगितलं म्हणून दिली."

बा म्हणजे आमच्या सासूबाई. आम्ही दोघं एकदम वळलो.

"मग काय करणार?" सासूबाई जराही डगमगल्या नाहीत. "प्रस्थान एका जागी पडून राहिलं की मोडतं. निघालेल्या माणसाने पुढे सरकत राहिलं पाहिजे. तू श्राद्धाच्या सैपाकात होतीस, म्हणून आम्हीच लावून दिलं. जमनी सुरंगीला राहते. सुरंगी पूर्वेलाच आहे ना?"

जमनीबाई आमच्या भागात रानभाज्या विकायला यायची. चांगली बाई. पण सुरंगी एका बाजूला आणि वापी स्टेशन बरोबर उलट्या बाजूला! यांनी स्कूटर काढली. मी ओढणी कमरेला बांधली आणि मागे बसले.

सुरंगीला जमनी अंगणातच होती. मला पंजाबी ड्रेसमध्ये बघून तिने आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं आणि एवढी हसली, एवढी हसली की खाली बसली.

"जमनीबाई, पिशवी!" हे ओरडले.

"पिशवी त गेली ना, दादा. दुधनीला. माझे पोरीच्या सासरी."

"दुधनीला?"

"आजी बोलली होती ना, चार दिस झालं का पुढं सरकव. मी सरकवली."

यांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "अहो, पूर्वेलाच गेलीय." धीर द्यायला म्हटलं होतं. यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर दुधनी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

दुधनी म्हणजे खानवेलच्याही पुढे, धरणाच्या पाण्याला लागून. वळणावळणाचा रस्ता, दोन्हीकडे झाडी. इतर दिवशी मी म्हटलं असतं, किती छान! त्या दिवशी मी फक्त यांची पाठ बघत होते. ती घामाने भिजून नकाशासारखी दिसत होती. मनात एकच. हे तिकीट बदलून मिळत नाही, पैसे परत मिळत नाहीत, आणि पुन्हा कुणी माझ्याकडे येऊन "तू येतेस का?" म्हणेल असं काही वाटत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात तो प्रश्न एकदाच आला होता. आणि मी त्याला "बघू" म्हटलं होतं!

दुधनीला जमनीचा जावई पाण्याच्या काठाला जाळं वाळवत बसला होता.

"पिशवी?" तो म्हणाला. "ती पल्याड हाय. मावशीच्या घरी." आणि त्याने बोटाने धरणाच्या पाण्यापलीकडे दाखवलं.

"पलीकडे का?" यांचा आवाज आता रडवेला झाला होता.

"सासूनं सांगलं, मालक समिंदर वलांडणार हायती, त पिशवीनं पन आधी इथलं पानी वलांडलं पायजे. आजीचा निरोप व्हता."

आजीचा निरोप! आमच्या सासूबाई सिल्वासातल्या ओट्यावर बसून सगळ्या मुलखात पिशवी फिरवत होत्या!

आम्ही होडीत बसलो. यांना पोहता येत नाही. मलाही येत नाही. योहानसारखे कापडी बूट घालून हे होडीच्या मध्यभागी मांडी घालून बसले आणि पलीकडचा काठ येईपर्यंत डोळे मिटून राहिले. मी मात्र इकडेतिकडे बघत होते, कारण (हे यांना सांगितलेलं नाही) मला फार मजा येत होती.

मावशीच्या झोपडीत आमची पिशवी उंदरांच्या भीतीने आढ्याला टांगलेली होती. पट्ट्यांना झेंडूची फुलं. खाली पणती. परदेशी निघालेली पिशवी म्हणून तिने रोज संध्याकाळी तिच्यापुढे दिवा लावला होता! तिची नातवंडं आम्हाला असं बघत होती, जणू पिशवीतला देवच पंजाबी ड्रेस घालून दारात उभा राहिलाय.

यांनी पिशवी खाली घेतली, तळापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला. पासपोर्ट! तिकिटं! दुधाच्या पिशवीत जशीच्या तशी! यांनी पासपोर्ट प्रसादासारखे डोळ्यांना लावले आणि म्हणाले, "चल!"

"चल कुठं?" मावशी दारात आडवी उभी राहिली. "एवढ्या लांब चाललाव, उपाशीपोटी धाडू का? लोकं काय म्हणतील मला? बसा."

यांनी घड्याळ दाखवलं. मावशीने घड्याळाकडे कौतुकाने पाहिलं आणि ताटं मांडली. हे मला खुणा करत होते, नाही म्हण, नाही म्हण. आता बघा, सबंध आयुष्यात मला कुणाला "नको" म्हणता आलं नाही, ते तिथे त्या म्हातारीच्या डोळ्यांत बघून कसं जमावं? नाचणीची भाकरी आणि माशाचं कालवण. पितृपक्षात मासे! यांनी एक घास खाल्ला, मग दुसरा खाल्ला, मग घड्याळ उलटं करून खिशात ठेवलं. मला तिसऱ्या भाकरीलाही नाही म्हणता आलं नाही.

निघताना मावशीने पिशवीत सुक्या माशांचं पुडकं घातलं. नागलीचे पापड घातले. परसातला लाल भोपळा आत मावेना, तर तो पट्ट्याला बांधला. त्याआधी सुरंगीला जमनीने मोहाची फुलं घातली होती आणि हंसाबेनने डबाभर सुखडी, गूळ-तुपाच्या वड्या. आमची पिशवी जिथे जिथे राहिली, तिथून भरल्या ओटीने निघाली होती.

होडीने परत अलीकडे आलो. स्कूटर हे चालवणार म्हणून पिशवी माझ्या पाठीवर आली. मी उठून उभी राहिले ती भोपळ्याच्या वजनाने पुन्हा बसले. दोन माणसांनी धरून मला स्कूटरवर चढवलं.

सिल्वासाला घरी आलो तेव्हा वापीची गाडी निघून गेली होती. माझी पर्स आणि यांचे पैसे घरात राहिले होते. मी अंगणात पाऊल टाकते तो सासूबाई उंबऱ्यात हात पसरून उभ्या.

"पिशवी आत नाही आणायची! प्रवास मोडेल!"

"आई, प्रवास मोडलाच आहे!" हे ओरडले.

"तू ये आत. पिशवी बाहेर."

पण पिशवी माझ्या पाठीला घट्ट आवळलेली. म्हणजे मीही बाहेर! हे घरात पर्स शोधत होते आणि मी भर रस्त्यात, पंजाबी ड्रेसमध्ये, पाठीवर डोंगर, डोंगराला भोपळा, अशी उभी. कारखान्याची पाळी सुटायची वेळ. ज्या बाईने सिल्वासात कधी कुणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, तिला बघायला सगळी वसाहत गोळा झाली.

"भाभी कहाँ जा रही हैं?"

"बँकॉकला," हंसाबेनने माझ्या वतीने सगळ्यांना सांगितलं. आणि कुणी डोळा मारला नाही. मला बघून मारावासा वाटला नसेल.

गर्दीतल्याच एकाने सांगितलं की कारखान्यातून सुताच्या पेट्या भरलेला ट्रक भिवंडीला सुटतोय. आम्ही धावलो. म्हणजे हे धावले, मी डुलत डुलत गेले. ड्रायव्हरने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"भाभीजी, बैठो. मगर बँकॉक तक नहीं, भिवंडी तक."

केबिनमध्ये ड्रायव्हर, क्लीनर, हे, मी, पिशवी आणि माझ्या मांडीवर भोपळा. नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती, तेव्हा हे पुटपुटत होते. बहुतेक मामंजींना सांगत होते की तुमची तिथी नीट केलीय, आता तुम्हीच बघा. भिवंडीहून टॅक्सी केली. स्वस्त तिकिटात जे वाचलं होतं, त्यातलं बरंचसं टॅक्सीवाल्याने घेतलं.

विमानतळात शिरताना सामान एका मशीनमधून जातं आणि पडद्यावर आतलं दिसतं, हे मला माहीत नव्हतं. आमची पिशवी आत गेली आणि पट्टा थांबला. दोन शिपाई आले. मग एक साहेब आले. पडद्यावर दोन मोठे गोल दिसत होते, एक केसाळ आणि एक गुळगुळीत.

"हे काय आहे?" साहेबांनी दरडावून विचारलं.

हे माझ्याकडेच बघायला लागले. म्हणून मी खाली बघून म्हटलं, "नारळ."

"आणि हा?"

"भोपळा."

साहेबांनी पिशवी उघडायला लावली. झेंडूची फुलं निघाली. तांदूळ सांडले. मग सुक्या माशांचं पुडकं उघडलं आणि आमच्या मागची रांग आपोआप चार हात मागे सरकली.

साहेब मराठी निघाले. त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, "वहिनी, बँकॉकला मासे मिळत नाहीत का?"

"मिळत असतील," मी म्हटलं. "आम्हाला नको म्हणता आलं नाही."

साहेब हसायलाच लागले. मासे, मोहाची फुलं आणि भोपळा तिथेच सोडायला लावला. सुखडीचा डबा उघडून बघितला, एक वडी उचलली आणि म्हणाले, "ही मात्र चालेल. पळा आता, तुमच्या विमानाचं शेवटचं बोलावणं चाललंय!"

आम्ही पळालो. ओढणी एकदा अडकली, दोनदा अडकली, तिसऱ्यांदा यांनीच ती गोळा करून स्वतःच्या गळ्यात टाकली आणि तसेच विमानात शिरले. दार आमच्यामागे बंद झालं. हे खुर्चीत बसले, पट्टा लावला, माझा हात हातात घेतला (सगळ्यांदेखत!) आणि विमान सुटायच्या आत घोरायला लागले.

मी जागीच होते. दिवसभर स्कूटरने, होडीने, ट्रकने मी जे गाठलं होतं, ते आता समोर होतं. पोचेपर्यंत उजाडणार, खाली ढग, समुद्र, परका मुलूख, सगळं दिसणार! खिडकीची जागा माझी, तसं काउंटरवर मिळालेल्या पासावर छापलेलं होतं. फक्त तिथे एक भले थोरले गृहस्थ बसले होते. मला त्यांना "ही जागा माझी आहे" एवढं म्हणायचं होतं. मनात मी ते वाक्य पाठ केलं. एकदा घसाही खाकरला. त्यांनी "काय?" म्हणून बघितलं, आणि मी म्हटलं, "काही नाही. सुखडी घ्या."

त्यांनी तीन वड्या घेतल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसले. विमान निम्मं रिकामं होतं. पुढच्या रांगेत खिडकी रिकामी, मागच्या रांगेत रिकामी, पलीकडे तर चार खिडक्या ओळीने रिकाम्या. पण उठून दुसरीकडे बसायचं तर कुणाला तरी विचारायला हवं होतं!

तेव्हा बँकॉक कसं होतं ते कुणाला ऐकायचं असेल तर यांना विचारावं, हे अजून सांगत असतात. वरून जग कसं दिसतं ते त्या गृहस्थांना विचारावं. मला विचाराल तर त्यांचा डावा कान कसा होता, ते मी अगदी तपशीलवार सांगू शकते.